ताण, विषण्णता आणि मेंदूची दारे

लखनौ शहराच्या पूर्वेस, फैजाबादकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर चिनहट नावाचे गाव आहे. आता ते शहराच्या विस्तारात मिसळून गेले आहे. 30 जून 1857 रोजी सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा येथे पराभव झाला आणि त्यानंतर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. बाजारात मात्र चिनहटची ख्याती झाली ती झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांमुळे. कुंभारकाम करणाऱ्या कोणाही माणसाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. एकाच भट्टीत, एकाच थरावर, शेजारी शेजारी रचलेल्या दोन भांड्यांना आच सारखीच लागते. तरी एक खणखणीत होऊन बाहेर येते आणि दुसऱ्याला तडा जातो. तडा गेलेले भांडे हाती आले की जाणता कुंभार केवळ आगीला बोल लावीत नाही. माती मळताना आत हवा राहिली असेल, कोठे एखादा खडा राहून गेला असेल, कच्चे भांडे सावलीत सुकण्याऐवजी एका अंगाने उन्हात सुकले असेल. दोष आधीच होता, भट्टीने तो उघड केला, हे त्याला कळते.

माणसांच्या बाबतीत एवढा विचार सहसा केला जात नाही. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो. दोन भावांच्या शेतातले पीक सारखेच करपते, कर्जाचा बोजा दोघांच्याही डोक्यावर सारखाच असतो. एक भाऊ चार दिवस सुन्न बसतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा कामाला लागतो. दुसऱ्याची झोप उडते. अन्नावरची वासना जाते. ज्या बैलांवर पोटच्या पोरासारखी माया केली, त्यांच्याकडेही त्याला पाहवत नाही. आपण घराला भार झालो आहोत, हा एकच विचार त्याच्या मनात घर करून बसतो. आप्तेष्ट त्याला सांगतात, ‘मन घट्ट कर. तुझा भाऊ बघ कसा उभा राहिला!’ हा उपदेश चांगल्या हेतूने केलेला असतो; पण त्यात एक निवाडा दडलेला असतो. दुसरा भाऊ दुबळा आहे, असा तो निवाडा होय. हा निवाडा कितपत खरा आहे, याचा शोध गेली सत्तर वर्षे वैद्यकशास्त्र आणि मेंदूविज्ञान घेत आले आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. दुःख हा रोग नव्हे. प्रियजनाच्या मृत्यूने, नुकसानीने किंवा अपमानाने मन व्याकूळ होणे, हे निरोगी मनाचेच लक्षण आहे. परंतु उदासपणा अथवा कशातच रस न वाटणे ही अवस्था दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ दिवसभर टिकली, तिच्या जोडीला निद्रानाश, थकवा, अपराधीपणाची भावना, मृत्यूचे विचार यांसारखी लक्षणे आली आणि माणसाचे नित्याचे व्यवहार बंद पडू लागले, म्हणजे वैद्य तिला विषण्णतेचा विकार म्हणतात. बंगळूरच्या निमहॅन्स या संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर 20 प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो; आणि अशा दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत.

या विकाराचा मेंदूतील रसायनांशी काही संबंध असावा, हा संशय ज्या वाटेने बळावला, ती वाट भारतातूनच निघते. सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी औषधी वनस्पती. 1931 साली कलकत्त्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर आणि उन्मादावर तिचा उपयोग होतो, असे वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाबासाठी रेसरपीन घेणाऱ्या काही रुग्णांना मात्र गाढ विषण्णता येते, असे वैद्यांना दिसू लागले. 1955 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, रेसरपीनमुळे प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिता होतो. त्याच दशकात क्षयावरील इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची चित्तवृत्ती उल्हसित होते, असे आढळले. आणि 1957 मध्ये रोलांड कून या स्विस वैद्याने इमिप्रामीन हे औषध विषण्णतेवर गुणकारी असल्याचे जाहीर केले. चिनहटपासून काही कोसांवर, गोमतीच्या काठच्या छत्तर मंझिल या नबाबी महालात 1951 मध्ये केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली होती. ती पुढे जानकीपुरमच्या नव्या वास्तूत गेली. सेंटप्रोपाझीन हे विषण्णतेवरील औषध याच संस्थेची देणगी आहे.

या साऱ्यावरून एक सुटसुटीत समीकरण तयार झाले: सेरोटोनिन घटले की विषण्णता येते, वाढले की ती जाते. समीकरण सोपे होते, म्हणून ते लोकप्रिय झाले. पण ते अपुरे होते. औषध घेतल्यानंतर मेंदूतील सेरोटोनिन काही तासांतच वाढते, रुग्णाला उतार पडू लागायला मात्र काही आठवडे जातात. ही गाठ त्या समीकरणाने सुटेना. सर्पगंधेमुळे येणारी विषण्णताही, आरंभी वाटली तितकी सरसकट नव्हती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यानेही हेच सांगितले की, सेरोटोनिनच्या कमतरतेनेच विषण्णता होते, यास सुसंगत पुरावा मिळत नाही. याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा नव्हे. अनेकांना त्यांनी जीवदान दिले आहे, आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून ती अचानक बंद करणे धोक्याचे असते. अर्थ इतकाच की, निरोप किती पाठवले गेले हे मोजून भागत नाही. ते ज्या दाराशी पोहोचतात, त्या दाराची तपासणी करावी लागते.

ही दारे म्हणजेच मेंदूतील ग्राही रेणू. मेंदूत सुमारे 86 अब्ज मज्जापेशी आहेत. बहुतेक ठिकाणी दोन पेशींमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. पहिली पेशी या फटीत सेरोटोनिनसारखे द्रव्य सोडते. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या द्रव्याला ओळखणारे प्रथिनाचे रेणू असतात. किल्ली कुलपात बसावी तसे ते द्रव्य त्यांत बसते आणि पेशीच्या आत पुढील व्यापार सुरू होतो. हेच ग्राही. मौज अशी की, एका सेरोटोनिनच्या किल्लीला निदान 14 प्रकारची कुलपे आहेत. एका प्रकारचा ग्राही उघडला की पेशी शांत होते. दुसऱ्या प्रकारचा उघडला की तीच पेशी उत्तेजित होते. एकच टपाल दोन घरी गेले, पण एका घरी त्याने दिलासा दिला आणि दुसऱ्या घरी घबराट माजविली, असा हा प्रकार आहे. शिवाय ग्राहींची संख्या आणि त्यांची संवेदनशीलता कायमची ठरलेली नसते. पेशी गरजेप्रमाणे ग्राही वाढवते, कमी करते, आत ओढून घेते. माणसाच्या अनुभवाची नोंद मेंदूत ज्या अनेक रीतींनी होते, त्यांपैकी ही एक होय.

ताणाची गोष्ट येथे सुरू होते. संकट समोर येताच मेंदूच्या आज्ञेने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव रक्तात सोडतात. तो शरीराला सज्ज करतो. पण सज्जता संपविण्याचीही सोय हवी. 1968 साली न्यूयॉर्कमध्ये ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागातील पेशी अशा अंतःस्रावाला पकडून ठेवतात. स्मृतीचे काम करणाऱ्या या भागात त्याचे ग्राही विपुल आहेत. पुढील संशोधनातून त्यांचे कार्य उलगडले. कॉर्टिसॉल पुरेसे झाले, आता थांबा, असा निरोप मेंदूला याच ग्राहींकडून मिळतो. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि नळ बंद होतो. तो गोळाच नादुरुस्त असला तर टाकी भरून वाहत राहते. हे ग्राही कमी असले किंवा मंद असले तर संकट टळले तरी शरीरातील धोक्याची घंटा वाजतच राहते. विषण्णतेच्या सर्व नव्हे, तरी बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉल असे वाहत राहिलेले आढळते.

हा गोळा कोणात चांगला आणि कोणात मंद, हे ठरते कसे? कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या आयांचे निरीक्षण केले. काही आया आपल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात पुष्कळ चाटतात, गोंजारतात, काही कमी. भरपूर माया मिळालेल्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे ग्राही अधिक निघाले, आणि मोठेपणी ती ताणातून लवकर सावरली. हा आनुवंशिकतेचा खेळ असेल, अशी शंका येणे साहजिक होते. म्हणून कमी माया करणाऱ्या आईची पिल्ले जन्मतःच मायाळू आईकडे दिली गेली. ती पोसणाऱ्या आईसारखी झाली. 2004 मध्ये या गटाने दाखवून दिले की, आईच्या संगोपनाने ग्राही घडविणाऱ्या जनुकावरील रासायनिक खुणा बदलतात. जनुक तेच राहते. ते किती वाचले जावे, ते बदलते. 2009 मध्ये याच दिशेने मानवी मेंदूंची तपासणी झाली. आत्महत्येने मृत्यू पावलेल्या ज्या व्यक्तींवर बालपणी अत्याचार झाले होते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे ग्राही घडविण्याची क्रिया मंदावलेली आढळली.

दीर्घकाळच्या ताणाने मेंदूची रचनाही पालटते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये उंदरांच्या मेंदूत एक विलक्षण विरोध दाखविला. दीर्घ ताणाखाली हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडतात. पण भीतीचे केंद्र असलेल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागातील पेशींच्या शाखा वाढतात. ताण संपल्यावर पहिली झीज भरून येऊ लागते, दुसरी वाढ मात्र रेंगाळते. भयाने पाय रोवावेत आणि विवेकाची जागा आकसावी, अशीच ही स्थिती आहे.

सेरोटोनिनच्या ग्राहींविषयीचे महत्त्वाचे काम मुंबईतच झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षे याच प्रश्नाच्या मागे आहेत. उंदराची पिल्ले जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून दूर ठेवली, तर ती मोठेपणी भित्री आणि चिंताग्रस्त होतात. या संशोधकांना असे आढळले की, अशा पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागात सेरोटोनिनच्या उत्तेजक ग्राहींचा प्रतिसाद प्रखर झालेला असतो. मग त्यांनी एक निर्णायक प्रयोग केला. आईपासून ताटातुटीच्या त्याच दिवसांत काही पिल्लांना हे ग्राही तात्पुरते बंद करणारे औषध दिले. ही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यात ती चिंताग्रस्तता उतरली नाही. 2011 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ताटातूट तीच, दिवस तेच. फरक फक्त एका दाराचा होता. डॉ. वैद्य यांना 2015 मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि 2022 मध्ये इन्फोसिस पारितोषिक मिळाले. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि तान्ह्या मुलांना असे औषध द्यावे असा त्याचा अर्थ मुळीच नाही. प्रयोग सांगतो तो एवढाच, की मेंदू घडण्याच्या काळात काही दारे उघडी असतात, आणि त्या काळात जे आत शिरते ते दीर्घकाळ वस्तीला राहते.

मग सारे बालपणावरच ठरते काय? तसेही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून विषण्णतेच्या प्रवृत्तीत आनुवंशिकतेचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा अधिक दिसतो. पण हा वाटा कोणा एका जनुकाचा नाही. 2003 मध्ये न्यूझीलंडमधील डनेडिन येथील अभ्यासावरून सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे एक जनुक ताणग्रस्तांना विषण्णतेकडे ढकलते, असे मांडले गेले होते. त्याचा फार गाजावाजा झाला. परंतु 2019 मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर केलेल्या तपासणीत त्याला आधार मिळाला नाही. असंख्य जनुकांचे अल्पस्वल्प परिणाम, गर्भावस्थेतील पोषण, बालपणातील माया वा उपेक्षा, आजार, दारिद्र्य, एकाकीपणा या सर्वांची बेरीज म्हणजे माणसाची ताण सोसण्याची शक्ती होय.

येथे भट्टीची उपमा अपुरी पडते. तडा गेलेले भांडे पुन्हा सांधत नाही. मेंदूची माती मात्र कधी पूर्णपणे कोरडी होत नाही. 2007 मध्ये अमेरिकेतील एरिक नेस्लर यांच्या प्रयोगशाळेत सारख्याच वंशाच्या, सारख्याच वाढविलेल्या लहान उंदरांना दहा दिवस दांडग्या उंदरांकडून छळ सोसावा लागला. त्यांतील बरेच खचले, काही मात्र टिकून राहिले. टिकलेल्यांच्या मेंदूत काहीच घडले नव्हते, असे नव्हते; उलट त्यांच्या पेशींनी छळाला तोंड देण्यासाठी कित्येक नवे फेरफार केले होते. अर्थात धीर म्हणजे दगडासारखे अचल राहणे नसून ती मेंदूची एक सतत चाललेली क्रिया आहे, आणि क्रिया असेल तर तिला साहाय्य करता येते.

हे साहाय्य नेहमी मोठ्या रुग्णालयातूनच यावे लागते, असे नाही. गोव्यात संगत या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण पद्धतशीर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र विषण्णतेच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत संवाद साधला. सोडून दिलेली लहानसहान कामे, गाठीभेटी, देवदर्शन, बाजारहाट पुन्हा सुरू करण्यास त्यांना हात दिला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी 64 टक्के विकारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील खेड्यांतून झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमात गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी हा विषय नेला, तेव्हा उपचार घेणाऱ्या विषण्णतेच्या रुग्णांचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांपर्यंत गेले. वर सांगितलेल्या दुसऱ्या भावाचे घर अशाच एखाद्या गावात असते.

पहिल्या बाळंतपणाला लेकीला माहेरी आणावे, सव्वा महिना तिला आणि बाळाला जपावे, ही महाराष्ट्रातील जुनी रीत आहे. ती घालणाऱ्यांना ग्राही रेणू ठाऊक नव्हते. पण आई निश्चिंत असली की मूल निश्चिंत वाढते, हे त्यांनी जाणले होते. बाळंतिणीला विश्रांती, मजूर आईला पगारी रजा, अंगणवाडीत मायेचा हात, मारझोडीपासून मुलांचे रक्षण या गोष्टी आजवर दयेच्या सदरात मोडत आल्या. मेंदूविज्ञान त्यांना आरोग्याच्या सदरात नेऊन ठेवते. ज्यांचे बालपण मायेवाचून गेले, त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नसते. योग्य औषध, नियमित संवाद, झोप, व्यायाम आणि माणसांचा सहवास यांनी प्रौढ मेंदूही आपली घडी बदलतो. 10 ऑक्टोबर 2022 पासून भारत सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य सुरू झाली असून, मराठीसह अनेक भारतीय भाषांतून तेथे सल्ला मिळतो.

‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असे आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याच्या वंशाला जाणे कोणाच्या हाती नाही. दोन भावांपैकी खचलेल्या भावाच्या मेंदूत कोणती दारे कोणत्या वयात कशी घडली, हे शेजाऱ्याला दिसत नाही, आणि ती तशी घडावीत की नाही, हे त्या भावालाही कोणी विचारलेले नव्हते. म्हणून त्याला ‘मन घट्ट कर’ असे सांगण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि हात धरून त्याला वैद्याकडे न्यावे. मधुमेह झालेल्या माणसाला ‘साखर आवर’ असे रागावून कोणी बरे केलेले नाही. विषण्णतेलाही तोच न्याय लागू आहे.